तुटक्या दातांची वही

कन्नडकडून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना जुन्या बुलेटचा स्वार तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर येण्यासाठी उजव्या पायाने लिव्हर वर उचलतो. ‘खट्’ असा ओळखीचा आवाज येतो, क्लच सुटतो, पण इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. गाडी उताराला सैल सुटते. दुसरा गिअर पडलेलाच नसतो; तिसरा आणि दुसरा यांच्या मधल्या रिकाम्या जागी सगळं अडकलेलं असतं. मेकॅनिकच्या भाषेत हा ‘फॉल्स न्यूट्रल’. या गाडीला गिअरांपेक्षा न्यूट्रल जास्त आहेत, हा विनोद बुलेटवाल्यांत जगभर चालतो. वळणावर समोरून ट्रक येत असला की त्याचं हसू येत नाही.

हा चार गिअरचा गिअरबॉक्स मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीचा. रॉयल एनफिल्ड ही रेडिचची कंपनी. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर तिने ‘एनफिल्ड इंडिया’ काढली आणि बुलेट मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला बनू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, अल्बियनचंही नावच तेवढं उरलं. पण तिचा गिअरबॉक्स मद्रासहून निघत राहिला तो थेट एकविसाव्या शतकात येईपर्यंत. पोलीस, लष्कर, गावचा पाटील आणि दूध डेअरीवाला अशा सगळ्यांच्या पायाखाली तो आला. जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत अल्बियन हे नाव फारसं कुणी घेत नाही. तिथे तो फक्त ‘जुना चार गिअरवाला’.

त्याची कुरकुर समजायला आत डोकवावं लागतं. यातल्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. लिव्हर दाबला की फोर्क एका गिअरला शाफ्टवर आडवा सरकवतो आणि त्याच्या बाजूचे जाड दात शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरतात. या दातांना ‘डॉग’ म्हणतात. ते पुरते शिरले तर ताकद पुढे जाते. अर्धवट शिरले तर जोर आला की बाहेर फेकले जातात, आणि मग ‘गिअर उडतो’. पायाच्या एका झटक्यात फोर्कने बरोबर एक घर सरकायचं, कमीही नाही आणि जास्तही नाही, ही अट पाळण्याचं काम बाहेरच्या झाकणाआडच्या एका साध्या पट्टीवर सोपवलेलं आहे. तिची भोकं लांबट असतात आणि ती दोन नटांनी आवळलेली असते. वर जाताना गिअर चुकत असेल तर ती एका अंगाला सरकवायची, खाली येताना चुकत असेल तर दुसऱ्या. सरकवायची म्हणजे केसभर. बुलेटचा प्रत्येक जुना मेकॅनिक हे काम पाच-दहा मिनिटांत करतो आणि त्याचे फारसे पैसेही घेत नाही.

अडचण इथेच सुरू होते. पट्टी सरकवून गाडी बरी झाली की आत काय झिजलंय, हे कुणी पाहत नाही. लिव्हरचा झटका पुढे नेणाऱ्या खिटीचं टोक बोथट झालेलं असतं, तिची स्प्रिंग मेलेली असते, बुश ढिला झालेला असतो. काही महिन्यांनी पट्टी पुन्हा सरकवायची वेळ येते. एक दिवस ती लांबट भोकाच्या टोकाला पोचते आणि तिला जायला जागाच उरत नाही. मग झाकण उघडतं, तुटका भाग बाहेर येतो, दुकानातून नवा आणून बसवला जातो, आणि जुना पत्र्याच्या डब्यातून भंगारवाल्याकडे जातो. त्या भागाला जे सांगायचं होतं, तेही त्याच्याबरोबर किलोच्या भावाने जातं.

खान्देशात मोटारसायकल ही ओझ्याची गाडी आहे. दुधाचे कॅन, चाऱ्याचे भारे, खताच्या गोणी, रावेर-यावलकडे केळीचे घड आणि वर दोन माणसं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला लपेटतो आणि पहिल्या गिअरशिवाय गाडी हलत नाही. पहिल्या गिअरवर इंजिनाचा पीळ सर्वांत जास्त वाढवून चाकाकडे जातो, म्हणजे दातांवरचा ताणही तिथेच सर्वांत जास्त. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या तापमानात गिअरबॉक्समधलं ग्रीस पातळ होतं. अल्बियनची रचना अर्धवट पातळ ग्रीससाठी होती. त्यात नेहमीचं ९० नंबरचं ऑइल भरलं तर ते शाफ्टच्या कडेने गळत राहतं. हे ओळखून कित्येक बुलेटवाल्यांनी उघड्या बेअरिंगच्या जागी सीलबंद बेअरिंग बसवून घेतलं. पाना हातात असलेल्या माणसाने कागदावर एक रेघही न ओढता केलेली ही सुधारणा, पण सुधारणा खरी. तिकडे इंग्लंडात तर जुन्या अल्बियनच्या कवचातच बसेल असा पाच गिअरांचा संच विकत मिळतो. आपल्याकडे तसाच खटाटोप यामाहा आरएक्स १०० च्या भक्तांनी केला. आरएक्स १३५ चा पाच गिअरवाला संच आपल्या चार गिअरच्या लाडक्या गाडीत बसवणारे मेकॅनिक महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात सापडतील. पण ती अदलाबदल झाली. एका कंपनीचा तयार भाग उचलून दुसऱ्या गाडीत घालणं वेगळं आणि वारंवार मोडणारा भाग का मोडतो हे शोधून नव्याने घडवणं वेगळं.

दुसऱ्या प्रकारचं सर्वांत गाजलेलं उदाहरण गिअरबॉक्समधलं नाही, त्याच्या शेजारचं आहे. कावासाकीची केएलआर ६५० ही एक सिलिंडरची दणकट गाडी १९८७ मध्ये आली. मोठ्या एका पिस्टनची थरथर मारण्यासाठी तिच्यात दोन तोलशाफ्ट आहेत. ते एका साखळीवर फिरतात आणि साखळी ताणून धरायला एक छोटा लिव्हर आणि स्प्रिंग. साखळी झिजून लांबली की बोल्ट सैल करायचा, स्प्रिंग लिव्हरला ओढून साखळी ताणेल, मग बोल्ट आवळायचा, असं कंपनीचं पुस्तक सांगत होतं. प्रत्यक्षात काही हजार किलोमीटरनंतर त्या स्प्रिंगमध्ये ओढायला ताकदच उरत नव्हती, किंवा ती आधीच तुटलेली असायची. अशा वेळी पुस्तकाबरहुकूम बोल्ट सैल करणाऱ्याची साखळी उलट ढिली व्हायची. काही गाड्यांत लिव्हरच मोडला आणि तुकडे इंजिनात पडले.

अमेरिकेतल्या केएलआरवाल्यांनी त्या भागाला ‘डूहिकी’ असं टोपणनाव दिलं, म्हणजे धड नाव नसलेली वस्तू. त्यांनी मोडलेले लिव्हर गोळा केले, तुटकी स्प्रिंग आणि शाबूत स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी मोजली, कोणत्या वर्षाच्या गाडीत काय सापडलं याच्या नोंदी जुळवल्या. मग त्यांच्यातल्याच यंत्रकामाची जाण असलेल्या माणसांनी जाड, एकसंध लिव्हर बनवला. २००८ मध्ये कावासाकीने गाडीचं नवं रूप आणलं तेव्हा त्यातला लिव्हर बदललेला होता.

गिअरबॉक्समधलंच उदाहरण हवं असेल तर ते बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांचं. त्यांच्या पाच गिअरच्या डब्यात बाहेर ताकद नेणाऱ्या शाफ्टवर एक सर्क्लिप असायची, बेअरिंग जागेवरून सरकू नये म्हणून. तारेच्या कड्याएवढी वस्तू. १९८० च्या दशकाच्या मध्यावर बनलेल्या गाड्यांतून ती गायब झाली. शाफ्टवर तिची खाचच पाडली जाईना. तिरप्या दातांचे गिअर फिरताना शाफ्टला नुसते फिरवत नाहीत, लांबीच्या दिशेने ढकलतातही. तो धक्का आता बेअरिंगच्या घट्ट बसण्यावर येऊन पडला. काही हजार किलोमीटर बेअरिंगने तो सोसला, मग ते हळूहळू सरकू लागलं. जुन्या गाड्या उघडणाऱ्या मेकॅनिकांना आणि मालकांना त्या त्या वर्षांच्या डब्यांत तीच खूण पुन्हा पुन्हा दिसली, तेव्हा इलाज ठरला: डबा उघडलाच आहे तर शाफ्ट लेथवर चढवा, खाच पाडा आणि सर्क्लिप घाला. १९९० च्या दशकात कंपनीने स्वतःच ती परत आणली.

या दोन्ही कथांत नवा भाग फार हुशारीचा नाही. लिव्हर जाड केला, काढलेली सर्क्लिप परत घातली. जळगावच्या एमआयडीसीतला किंवा धुळ्याच्या अवधान वसाहतीतला कुठलाही चांगला टर्नर हे एका दिवसात करील. अवघड होतं ते त्याआधीचं: दोष एका गाडीचा नाही, रचनेचा आहे, हे पटणं. एका मेकॅनिकने वर्षात असे दोन शाफ्ट पाहिले तर तो मालकाला म्हणतो, ‘भो, गाडी नीट चालव.’ तेच शंभर शाफ्ट एका टेबलावर ठेवले, तर दोष मालकावरून उठून कागदावरच्या रेखाटनावर जाऊन बसतो.

कंपनीला हे दिसत कसं नाही, असा प्रश्न पडतो. तिला वॉरंटीच्या काळातलं दिसतं, कारण त्या काळात मोडलेल्या भागाचे पैसे ती स्वतः भरते. पण गिअरचे दात, शाफ्टचे खांदे, खिट्या हे भाग बहुतेक वेळा एका दणक्यात मोडत नाहीत. ते थकून मोडतात, साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर. तोवर गाडी तिसऱ्या मालकाकडे असते आणि दुरुस्ती गावातल्या गॅरेजात होते. म्हणजे जिथे भाग मोडतो तिथे वही नाही आणि जिथे वही आहे तिथे मोडलेला भाग पोचत नाही.

धातू थकतो हे माणसाला आगगाडीने शिकवलं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. ॲक्सल ओझ्याच्या मानाने पुरेसा जाड असूनही का मोडावा, हे कोडं होतं. पुढे प्रशियातल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट वोलर याने वर्षानुवर्षं ॲक्सल फिरवून फिरवून मोडले आणि दाखवलं की एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा उलटसुलट पडला की तोच जीवघेणा ठरतो. हाताने तार पुढेमागे वाकवून तोडणारा प्रत्येक जण हेच करतो, फक्त कमी फेऱ्यांत.

म्हणूनच तुटलेला भाग वाचता येतो. थकून मोडलेल्या दाताच्या भेगेत एका कडेपासून पसरत गेलेल्या बारीक वक्र रेषा दिसतात, ओहोटीनंतर वाळूवर उरणाऱ्या रेघांसारख्या. या रेषा जिथून सुरू होतात ती जागा भेगेच्या जन्माची. उरलेला खडबडीत, चमकदार भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला. खडबडीत भाग मोठा असेल तर त्या दातावर भारच जास्त होता. तो लहान असून रेषांचा भाग मोठा असेल, तर भार बेताचा होता आणि दात फार दिवस मरत होता. भेगेचा जन्म बहुतेक वेळा टोकदार कोपऱ्यात होतो: दाताच्या मुळाशी, खाचेच्या तळाशी, शाफ्टची जाडी जिथे अचानक बदलते तिथे. अशा कोपऱ्यात ताण अनेक पटींनी साठतो. कोपऱ्याला थोडी गोलाई दिली, एखाद्या मिलिमीटरचीही, तरी भागाचं आयुष्य बदलतं. नव्या रचनेतला सर्वांत मोठा बदल कित्येकदा इतकाच असतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरी गोष्ट कडकपणाची. गिअरचा दात बाहेरून कडक हवा, म्हणजे घासून झिजणार नाही, आणि आतून चिवट हवा, म्हणजे धक्क्याने फुटणार नाही. त्यासाठी कमी कार्बनचं पोलाद घेतात, भाग घडवून झाल्यावर तापवून त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग तो विझवतात. या पोलादांची नावं गिअरच्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतात: ईएन ३५३, २०एमएनसीआर५. लेथवाल्याकडे सहज मिळतं ते ईएन ८. त्याचा शाफ्ट ठीक होतो, गिअर नाही. गावाकडे मोडलेल्या डॉगला वेल्डिंग करून घासून परत बसवण्याची पद्धत अजून सर्रास आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा कडक थर बिघडतो, त्याच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो आणि पुढच्या वेळी भेग तिथूनच निघते. मालकाला वाटतं, मेकॅनिकने काम कच्चं केलं. काम पक्कंच असतं, चुकलेली असते ती पद्धत.

डॉगच्या बाबतीत शर्यतींच्या दुनियेतून आलेली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. डॉगची बाजू अगदी सरळ उभी असेल आणि झिजून तिची कड गोल झाली असेल, तर जोर पडताच ती बाहेर घसरते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत डॉगच्या बाजू काही अंशांनी आतल्या बाजूला तिरप्या कापतात. मग जोर जितका जास्त, तितके दोन्ही गिअर एकमेकांना आत ओढतात. गिअर उडण्यावरचा हा जालीम इलाज आहे. पण कोन सगळ्या डॉगांवर एकसारखा हवा. एक डॉग जास्त कापला गेला तर सगळा भार उरलेल्यांवर जातो.

कधी कधी पुरावे जुळवले की दोष त्या भागात नसल्याचंही कळतं. बटणाने सुरू होणाऱ्या बुलेटी आल्या तेव्हा त्यांचा ‘स्प्रॅग क्लच’ बदनाम झाला. स्टार्टर मोटरने इंजिन फिरवायचं, पण सुरू झालेल्या इंजिनाने मोटर फिरवायची नाही, एवढंच याचं काम. दोन कड्यांमध्ये अडकणाऱ्या पोलादी गुट्ट्या एका दिशेला धरतात, दुसऱ्या दिशेला सोडतात. त्या वारंवार फुटत. बरेच अनुभव एकत्र आल्यावर लक्षात आलं की मुख्य गुन्हेगार अशक्त बॅटरी आहे. मोटर संथ फिरते, पिस्टन वरच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच स्फोट होतो आणि इंजिन उलटा झटका मारतं. तो सगळा झटका त्या गुट्ट्यांवर बसतो. इलाज निघाला तो साधा: बॅटरी भरलेली ठेवा, शंका असेल तर किक मारा. पोलाद बदलून हे साधलं नसतं.

अनुभव एकत्र केल्याने यंत्र किती सुधारतं, याचं मोजमाप दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात झालं. तिथल्या कथील आणि तांब्याच्या खाणींत पाणी भरे आणि ते उपसायला वाफेची इंजिनं लागत. कोळसा बाहेरून आणायचा, त्यामुळे महाग. १८०० मध्ये जेम्स वॉटच्या पेटंटची मुदत संपली. १८११ मध्ये जोएल लीन या खाण-अधिकाऱ्याने दर महिन्याला एक पत्रक छापायला सुरुवात केली: कुठल्या खाणीतल्या इंजिनाने एका बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर उचललं. त्याबरोबर इंजिनाची रचनाही. कुणाचं इंजिन आळशी आणि कुणाचं कामसू, हे सगळ्या परगण्याला कळू लागलं. अभियंते एकमेकांच्या इंजिनांतले बदल उचलू लागले, वर स्वतःची भर घालू लागले. पुढच्या पंचवीस वर्षांत त्याच कोळशात होणारं सरासरी काम दुपटीहून अधिक झालं. या काळात कॉर्नवॉलच्या बहुतेक अभियंत्यांनी पेटंटच्या वाटेला जाणं टाळलं. एकट्या कुणाचा शोध म्हणून ते इंजिन आज ओळखलं जात नाही, त्याला नुसतं ‘कॉर्निश इंजिन’ म्हणतात.

आपल्या जवळचं उदाहरण सौराष्ट्रात सापडतं. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा आणि अवजारं लावायची दांडी बसवली. बैल परवडत नव्हते, ट्रॅक्टर तर नाहीच. या ‘बुलेट सांती’ने कोळपणी होऊ लागली, पेरणी होऊ लागली. तिला भारतात आणि अमेरिकेत पेटंटही मिळालं. पण खरी गंमत त्यानंतरची. आसपासच्या फॅब्रिकेटरांनी ती पाहून आपापल्या तऱ्हेने बदलली, कुणी इंजिन बदललं, कुणी सांगाडा, कुणी मागची जोडणी. हे चोर की भागीदार, हा प्रश्न गावोगावचे शोध नोंदवणाऱ्या ‘हनी बी नेटवर्क’चे अनिल गुप्ता आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांच्यासमोर आला. त्यातून त्यांनी मांडलेली कल्पना लक्षात ठेवण्यासारखी आहे: गावच्या कारागिराने नक्कल करावी, सुधारावी, त्याला मोकळीक, बड्या कंपनीने घेतलं तर मात्र परवाना आणि मोबदला. मूळ माणसाचं नाव राहतं आणि सुधारणाही थांबत नाही.

जळगाव जिल्ह्यालाही हा वारसा नवा नाही. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेऊन त्याला कोळप्याची पाती लावली आणि ‘कृषिराजा’ नावाचं हातकोळपं उभं केलं. बैलजोडी नसलेल्या शेतकऱ्याला ते पेलतं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची दखल घेतली. कुठल्याही सायकलवाल्याला आणि वेल्डरला ते पाहून बनवता येतं, ही माझ्या मते त्या रचनेची सर्वांत मोठी खुबी.

गिअरचं तसं नाही. तो पाहून बनत नाही. त्याला मोजमाप लागतं, पोलादाची जात लागते, भट्टी लागते. आणि इथेच एकट्यादुकट्या हौशी माणसाचा हिशेब कोलमडतो. एक गिअर कापून, कार्बन मुरवून, घासून घ्यायचा म्हटलं तर खर्च नव्या गिअरसंचाच्या पुढे जातो, कारण भट्टी एका गिअरसाठी पेटत नाही. तेच पन्नास गिअर एकदम दिले तर प्रत्येकाचा खर्च आवाक्यात येतो. परदेशातल्या मालकांच्या गटांनी भाग बनवून घेतले ते असेच: आधी नावं आणि पैसे गोळा करायचे, मग एक तुकडी काढायची. समूह लागतो तो उत्साहासाठी कमी आणि भट्टी भरण्यासाठी जास्त.

साधनं खान्देशाच्या हाताशी आहेत. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचं एसएसबीटी, धुळ्याचं एसएसव्हीपीएस, शिरपूरचं आर. सी. पटेल, अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांची या पट्ट्यात वाण नाही. यंत्रशाखेच्या प्रयोगशाळेत कडकपणा मोजणारं रॉकवेल यंत्र असतं आणि वर्षाचा बराच काळ ते झाकूनच ठेवलेलं असतं. औट्रम घाट चढून पलीकडे गेलं की छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजचे वाहनांचे कारखाने आहेत. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला गेलं की पिथमपूर, जिथे २००७ पासून अभियांत्रिकीची मुलं ‘बाहा’ स्पर्धेत स्वतः बनवलेल्या गाड्या मातीत पळवतात. त्या मुलांना दर वर्षी प्रकल्पासाठी विषय हवा असतो आणि गॅरेजच्या पत्र्याच्या डब्यात विषय पडून असतात. मध्ये कमी आहे ती एका वहीची. गाडीचं वर्ष, किलोमीटर, गिअरबॉक्समध्ये काय भरलं होतं, गाडी कशाला वापरत होते, कुठल्या गिअरवर मोडलं, भेग कुठून सुरू झाली, आणि तुकड्याचा मोबाइलने काढलेला फोटो. मेकॅनिकला लिहिण्याचा कंटाळा असेल तर त्याने नुसता तुकडा तारेत ओवून, चिठ्ठी अडकवून खिळ्याला टांगला तरी चालेल.

घाई मात्र चालणार नाही. गिअरबॉक्समध्ये दाताचा तुकडा दोन गिअरांच्या मध्ये सापडला तर मागचं चाक जागच्या जागी बसतं आणि धावती गाडी आडवी पडते. सुझुकीच्या डीआर ६५० मध्ये न्यूट्रल स्विचचे दोन स्क्रू सैल होऊन आत पडतात, या भीतीने तिचे मालक क्लच उघडून त्या स्क्रूंना चिकटद्रव्य किंवा तार लावून घेतात. दोन स्क्रूंची ही कथा, तर नव्या गिअरला किती जपायला हवं. म्हणून पहिली तुकडी आधी बाकावर फिरवायची, मग रिकाम्या रस्त्यावर, ओझ्याशिवाय. शंभर किलोमीटरनंतर उघडून पाहायचं, हजारनंतर पुन्हा. आणि थकव्याने मोडणाऱ्या भागाचा निकाल जुना भाग जिथे मोडला त्या आकड्याच्या पुढे गेल्याशिवाय लागत नाही. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर धावणाऱ्या दूधवाल्याच्या बुलेटला साठ हजार गाठायला तीन-चार वर्षं लागतील. केएलआरवाल्यांचा अनुभवही असाच. पहिला लिव्हर पक्का झाला, पण जुन्या तऱ्हेची स्प्रिंग तोकडीच पडत राहिली. मग ताणायच्या स्प्रिंगच्या जागी पीळ देणारी स्प्रिंग बसवून दुसरी रचना करावी लागली, आणि तिच्यासाठी पुन्हा तेच: जुन्या स्प्रिंग काढा, मोजा, लिहून ठेवा.